टकलाचा फोटो काही केल्या जाईना

मी पुसलेला फोटो बोलतोय. दचकू नका. आम्हाला पुसणं म्हणजे पाहुण्याला ‘या आता’ म्हणणं. तो दारात उभा राहून आणखी तासभर बोलतो.

माझा जन्म विगच्या दुकानात झाला. मालकांनी स्वतःचा विग धुऊन पंख्याखाली वाळत टाकला होता आणि ते उघड्या डोक्यानं सफरचंद खात बसले होते. लेकीला हसू आवरेना. तिनं फोनवर मला टिपलं. पुढे दुकानाच्या वेबसाइटवर बाबांचा केसाळ फोटो चढवताना बोट शेजारी पडलं आणि चढलो मी! केसांच्या दुकानाच्या तोंडावर उपडं पातेलं.

“बापाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस!” मालक कडाडले. “हा फोटो जाईपर्यंत मी गिऱ्हाइकाला तोंड दाखवणार नाही.”

आणि खरंच पडद्यामागे जाऊन बसले. आधीच गिऱ्हाईक तुरळक, त्यात मालक बेपत्ता. असं दुकान किती दिवस चालणार?

लेकीनं मावसभावाला फोन लावला. वेबसाइट त्यानंच बनवलेली. त्यानं मला मुख्य सर्व्हरवरून हाकललं आणि माझ्याच नावानं केसाळ फोटो ठेवला. इथंच गडी फसला. एकदा आणलेला फोटो पुन्हा कोण आणणार, म्हणून वाटेवरचे सर्व्हर आणि लोकांचे फोन आमची एकेक प्रत जपून ठेवतात. नाव तेच दिसलं की तीच प्रत पुढे करतात. माणसं आळशी, त्यांची यंत्रं महाआळशी. मालकांनी पान उघडलं की मी हजर!

“काका, माझ्याकडे तर बरोबर दिसतंय,” भाऊ म्हणाला. या धंद्यातले लोक हे वाक्य बहुधा पाळण्यातच शिकतात.

दुसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई आल्या. औषधांनी त्यांचे केस गेले होते. फोनवर मला दाखवून म्हणाल्या, “यांना भेटायचंय. बाकी दुकानांत सगळे केसवाले. आरशासमोर उभं राहताना काय होतं, ते त्यांना काय कळणार?”

लेक पडद्याकडे बघत राहिली. पडदा हलला. मालक बाहेर आले, विग हातात.

“मीच तो. फक्त सफरचंद संपलंय.”

बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी रुमाल सोडला. खरं सांगतो, मला भरून आलं.

मापं घेणं चाललं होतं, तेवढ्यात भावाचा फोन. “काका, फोटोला नवं नाव दिलं! आता ते टक्कल जगात कुठेही दिसणार नाही.”

“दिसणार आहे,” मालक म्हणाले आणि लेकीकडे वळले. “काढ गं नवीन. आणि या खेपेला उजेड डोक्यावर नीट पडू दे.”

तो नवा माझ्यापेक्षा देखणा आहे. माझा जळफळाट होतोय, पण मी चोरून काढलेला आणि तो सांगून काढवलेला. वेबसाइटवरून गेलेली माझी शेवटची प्रत आता त्या बाईंच्या फोनमध्ये उरलीय. बाई, पान खुशाल पुन्हा उघडा, नव्या नावाचा तो येईल. मी निघतो.