झेलीची झाडं

आमच्या सेन नदीकाठी मुलगी जन्मली की बाप पॉप्लरच्या झाडांची रांग लावतो आणि तिच्या लग्नात हुंड्यासाठी तोडतो. एव्हारिस्तनेही आपल्या झेलीसाठी लावली होती. नवरदेव आंतीम लाकडाचे जोडे कोरणारा, म्हणून हुंड्यात त्याला लाकूडच हवं होतं. लग्न जूनमध्ये ठरलं.

तेवढ्यात पॅरिसहून चित्रकार देल्वाल आले. ते माझ्याच खानावळीत उतरले, म्हणून मी फार बोलत नाही. पण उन्हातली हिरवीगार झाडं हा माणूस जांभळी रंगवायचा!

"एव्हारिस्तदादा, तुमची झाडं पॅरिसात भिंतीवर लागतील," ते म्हणाले. "चित्र होईपर्यंत कुऱ्हाड तेवढी लावू नका."

झालं! एव्हारिस्त हरभऱ्याच्या झाडावर चढला. रविवारचा कोट घालून रोज रांगेपाशी उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाकलायचा. "सरका, साहेबांचं ऊन अडवू नका!"

लग्न लांबलं. ऊन सरकलं की साहेब नवा कॅनव्हास काढायचे आणि ढग आला की जुना खरवडायचे.

"बाबा, पानं गळायला लागली," झेली एकदा रडवेली होऊन म्हणाली.

"गळू देत की! साहेब म्हणतात, पिवळा रंग झकास उतरतोय."

इकडे आंतीमच्या आईने पलीकडच्या गावात दुसरी मुलगी पाहायला सुरुवात केली. तिच्या बापाचीही पॉप्लरची रांग होती आणि तिथे कुणी चित्रकार नव्हता. मला झेलीची फार कीव आली. एव्हारिस्तचा तर असा राग आला की त्याच्या सूपमध्ये मी मीठच घातलं नाही.

मग एका सकाळी नदीवरून धडाधड आवाज आले. मी पळी हातात घेऊनच धावले. झेली आणि आंतीमने मिळून निम्मी रांग आडवी केली होती. मागोमाग एव्हारिस्त आणि देल्वाल धापा टाकत पोचले. आता साहेब रडणार, असं मला वाटलं.

"कुणी हलू नका!" ते कॅनव्हासची तिवई मांडत ओरडले. डोळे नुसते चमकत होते. "काय ऊन आलंय या मोकळ्या जागेत! पोरी, ओंडक्यापाशी अशीच उभी राहा. रोज सकाळी, वसंतापर्यंत."

एव्हारिस्तने अदबीने टोपी काढली. "ऐकलंस ना गं? साहेब सांगतात तशी उभी राहा."

झेलीने बापाकडे पाहिलं. मग तळहातावर थुंकून तिने कुऱ्हाड उचलली आणि सरळ कॅनव्हासच्या तिवईकडे निघाली.

सगळ्यांत आधी साहेबच हलले.