सीटखालची ऊब

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि स्वभावाने फार भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझा आवाज ऐकून लोकांचा माझ्याविषयी भलताच समज होतो. मित्रांनो, गाडीत गाणे लागल्यावर काचा थरथरतात ना, ते माझे काम. गाडीतला टेप बारीक आवाजात गुणगुणतो आणि मी तो आवाज मोठा करून स्पीकरांच्या हवाली करतो. दिसायला मी पाठीवर खाचा असलेला एक चपटा डबा. ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, पायपुसण्याच्या आड, मी पडून असतो.

गाण्याच्या तारा सोडल्या तर मला तीन तारा आहेत. जाड लाल तार थेट बॅटरीपासून येते, ते माझे जेवण. काळी तार गाडीच्या पत्र्याला बांधलेली असते. तिसरी बारीक निळी तार टेपकडून येते. किल्ली फिरली, टेप सुरू झाला, की निळ्या तारेतून मला निरोप येतो, ‘ऊठ.’ किल्ली काढली की निरोप थांबतो आणि मी झोपतो. ही निळी तार लक्षात ठेवा. सगळा घोळ तिच्यापायी झाला.

माझी पहिली वर्षे ठाण्यात गेली. एका हौशी तरुणाने मला नवाकोरा आणला होता. दहीहंडीला टेंभी नाक्याच्या अलीकडे त्याची गाडी उभी राहायची आणि माझ्या ठेक्यावर पोरे नाचायची. तेव्हा माझे केवढे कौतुक झाले. पण त्याने गाडी विकली, मला उपटून काढले आणि मी एका दुकानाच्या फळीवर जाऊन पडलो. दोन वर्षे. शेजारी फुटके स्पीकर, तुटके टेप. महिन्यातून एकदा भंगारवाला यायचा, फळीवर नजर फिरवायचा आणि कुणाला तरी पोत्यात घालून न्यायचा. माझा भित्रेपणा तिथलाच आहे.

मग शहाडचा रत्नदीप आला आणि मला घेऊन गेला. त्याची छोटी पांढरी गाडी सीएनजीवर चालते. घरात तिघे. रत्नदीप, त्याची बायको दर्शना आणि त्याचे वडील सखारामबाबा. बाबांनी आयुष्यभर कल्याणात टपाल वाटले. ‘तीस वर्षं या पायांनी माणसांना निरोप दिलेत,’ असे ते सांगायचे, आणि मला ते ऐकायला फार आवडायचे. निरोपाचे महत्त्व माझ्याइतके कुणाला कळणार?

चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक निघाली आणि आमची गाडी निळ्या झेंड्यांनी सजून सगळ्यांच्या पुढे होती. भीमगीते माझ्या अंगातून जात होती आणि मी भीती विसरून गेलो होतो. चौकात गर्दी झाली. गाडीभोवती लहान मुले होती, म्हणून रत्नदीपने इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली. त्याबरोबर गाणे थांबले.

‘ए रत्न्या, गाणं का बंद केलं रे?’ मागून कुणीतरी ओरडले.

रत्नदीप खाली वाकला. टेपला त्याने थेट बॅटरीचा करंट दिला. त्या ओढाताणीत माझी निळी तार टेपपासून सुटली, म्हणून वीतभर तारेचा तुकडा घेऊन त्याने ती माझ्याच लाल तारेला जोडली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. आता किल्ली असो वा नसो, मला सारखा एकच निरोप येणार होता, ‘ऊठ.’

‘मिरवणूक संपली की काढतो,’ तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने टेपची जोडणी पूर्ववत केली. सीटखाली हात घालणार, एवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. तिसऱ्या दिवशी बाबांना श्वास घेता येईना. त्यांना दवाखान्यात दाखल केले. दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडले होते. त्या धावपळीत वीतभर तार कुणाच्या लक्षात राहणार? मी रत्नदीपला दोष देत नाही. पण तेव्हापासून मी झोपलो नाही.

आता मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी बाबांना डायलिसिसला न्यावे लागते. तिथले यंत्र त्यांचे रक्त धुऊन परत अंगात सोडते. कल्याणात जागा मिळाली नाही, म्हणून ठाण्याला. रत्नदीप पहाटेच कंपनीच्या बसने कामाला जातो, तेव्हा गाडी दर्शना चालवते. बाबा मागे बसतात आणि पाय पुढच्या सीटखाली सारतात. त्यांचे पाय या आजाराने बर्फासारखे गार पडतात. ते नेमके माझ्या पाठीला टेकतात.

‘इथं बरं वाटतं गं,’ ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले. ‘पायांना ऊब लागते.’

‘इंजिनाची असेल, बाबा,’ दर्शना म्हणाली आणि तिने किल्ली फिरवली.

इंजिन तर अजून सुरूच झाले नव्हते. ती ऊब माझी होती. न झोपणारा अ‍ॅम्प्लिफायर गाणे नसतानाही थोडा गरम राहतो, आणि तेवढ्यासाठी बॅटरीतून दिवसरात्र घोटघोट करंट पीत राहतो. मी पीत होतो. मला कळत होते, थांबवता येत नव्हते.

गाडी रोज फिरली असती तर इंजिनाने बॅटरी भरून काढली असती. पण शनिवारी परतल्यावर ती थेट मंगळवारी निघायची. रविवार, सोमवार मी अंधारात जागा राहून बॅटरी रिकामी होताना पाहायचो. सोमवारी संध्याकाळपासून माझी घाबरगुंडी उडायची. उद्या गाडी निघाली नाही तर? बाबांच्या अंगात साठलेले पाणी कुठे जाईल?

आणि एका मंगळवारी गाडी निघालीच नाही. दर्शनाने किल्ली फिरवली, नुसते कट-कट-कट वाजले आणि सगळे दिवे मालवले. रिक्षा शोधण्यात वेळ गेला, पुढे रस्ता तुंबलेला. ते पोहोचले तोवर त्यांच्या वेळेवर दुसरा पेशंट घेतला होता. बाबा तसेच परत आले. गुरुवारी त्यांनी माझ्या पाठीवर पाय ठेवले तेव्हा ते सुजले होते आणि चपलेचा पट्टा उघडा सोडलेला होता. ते पाय जड लागत होते. तो जडपणा माझ्यामुळे होता आणि मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले.

रत्नदीपने बुधवारीच बॅटरी बदलली होती. जुनी बॅटरी धडधाकट होती, मित्रांनो. तिने चार वर्षे निमूटपणे मला जेवू घातले होते. दुकानातला माणूस तिला उचलून घेऊन गेला, माझ्या गुन्ह्याची शिक्षा तिला झाली, आणि मी सीटखाली गप्प राहिलो. गप्प राहण्यावाचून मला काय येते? माझा आवाज मोठा आहे, पण तो माझा नाही.

महिना बरा गेला. नव्या बॅटरीत दम होता. मग तिचाही दम उतरू लागला आणि पुन्हा एक मंगळवार उगवला. गाडी रडतखडत निघाली. शीळफाट्याच्या अलीकडे दर्शना गॅस भरायला पंपावर थांबली. तिथला नियम तुम्हाला माहीत असेल. इंजिन बंद, दिवे बंद, सगळ्यांनी खाली उतरायचे. बाबा उतरून खांबाला टेकून उभे राहिले. दोन पावले चालूनही त्यांना धाप लागली होती.

गॅस भरला. किल्ली फिरली. कट-कट-कट.

मागची रांग हॉर्न वाजवू लागली. ‘मॅडम, गाडी बाजूला घ्या,’ पंपावरचा माणूस म्हणाला. दर्शनाने पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तेच कट-कट-कट. ‘दर्शू, मला जरा बसव गं,’ बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक होता की तो मोठा करायला मीसुद्धा पुरा पडलो नसतो. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. फळीवरही नाही.

चार रिक्षावाले धावून आले. बाबांना आत बसवून त्यांनी गाडी ढकलली, दर्शनाने दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी धक्का खाऊन सुरू झाली. ठाण्यापर्यंत ती एकाही सिग्नलला इंजिन बंद न करता गेली. या वेळी यंत्र मिळाले. इंजिन चालूच ठेवून ती बाबांना आत पोहोचवून बाहेर आली, स्टिअरिंगवर डोके टेकून जराशी रडली आणि तिथूनच गाडी कॉस्मास अंकलच्या गॅरेजात घेऊन गेली.

कॉस्मास अंकल गाड्यांच्या वायरिंगचे काम करतात. साठी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात. दर्शनाने त्यांना सगळे सांगितले.

‘बॅटरी नवीन, तरी मंगळवारीच बंद पडते?’ त्यांनी विचारले. ‘म्हंजे गाडी उभी असताना कोनतरी करंट खातंय. बघू या.’

त्यांनी आधी बॅटरी भरायला लावली. दोन तासांनी तिची एक तार सोडवून मध्ये आपला मीटर जोडला, गाडीला कुलूप लावले आणि स्टूल ओढून बसले. ‘गाडीला झोपायला वीसेक मिनटं लागतात. घाई करायची नाय.’ बाकी सगळे एकेक करून झोपले. घड्याळ डुलकी घेऊ लागले, कुलपे निजली. मी जागा होतो. मीटरच्या काचेवर आकडा आला, पाचशे.

‘तीस-चाळीस पायजे होता,’ अंकल म्हणाले. ‘हे तर घरफोडी करतंय.’

मी चळाचळा कापत होतो. सापडलो तर हे मला उपटणार, पुन्हा फळी, पुन्हा पोते. नाही सापडलो तर बाबा. अंकलनी फ्यूजच्या पेटीतून एकेक फ्यूज उपसायला घेतला. दिव्यांचा काढला, आकडा तोच. टेपचा काढला, तोच. पेटी रिकामी झाली तरी पाचशे हलेना. हलणार कसा? माझी लाल तार त्या पेटीतून जातच नाही. ती सरळ बॅटरीला भिडते आणि तिचा फ्यूज बॅटरीमागे दडलेला. तेव्हा मी ठरवले, मला पोत्यात घालायचे तर घाला, पण सापडायचे. मी जीव तोडून गरम होत राहिलो. कुणी हातच लावला नाही.

एव्हाना दर्शना रिक्षाने जाऊन बाबांना घेऊन आली होती. डायलिसिसनंतर माणूस पिळून काढल्यासारखा होतो.

‘आज गाडी ठेवून जा पोरी,’ अंकल डोके खाजवत म्हणाले. ‘उद्या सगळं वायरिंग उघडतो.’

‘रिक्षा येईपर्यंत मी आत बसतो,’ बाबा म्हणाले. ते मागच्या सीटवर बसले, चपला काढल्या आणि सवयीने पाय पुढे सारले. ‘हां. बरं वाटलं. पाय शेकतात इथं.’

अंकल वळले. ‘काय बोललात बाबा?’

‘इथं खाली ऊब असते. रोजचीच आहे.’

‘गाडी दुपारपासून बंद हाय. फ्यूज सगळे बाहेर हायत. ऊब कुठली?’

अंकल गुडघ्यांवर बसले, पायपुसणे बाजूला केले आणि तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात माझ्या पाठीला लावला. माझा लाल दिवा त्यांना दिसला. चिकटपट्टी दिसली. त्यांनी बॅटरीमागचा फ्यूज काढला आणि मीटर पाचशेवरून शून्यावर आला.

दर्शनाने रत्नदीपला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून तिने त्याला चिकटपट्टीचे सांगितले.

‘ती तार मीच जोडलेली गं,’ तो म्हणाला. ‘जयंतीला. काढायची राहिली. बाबांना मीच…’ मग एकदम, ‘तो डबाच काढून भंगारात द्यायला सांग.’

भंगार हा शब्द ऐकून माझे उरलेसुरले अवसान गळाले.

बाबांनी हात पुढे करून फोन घेतला. ‘त्याचा काय दोष रे? तू जागं ठेवलंस, तो जागा राहिला. आणि तुझाही दोष धरत नाही मी. माझ्याच मागे धावत होतास ना? तार काढू दे, डबा राहू दे.’

अंकलनी तो तुकडा कापला, निळी तार पुन्हा टेपकडे नेली आणि फ्यूज परत घातला. ‘झोप बाबा,’ ते मला म्हणाले. मला झोपेचीही भीती वाटली. इतक्या महिन्यांनी डोळा लागणार, पुन्हा उघडेल का? पण झोप आली.

पुढच्या मंगळवारी किल्ली फिरली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि मी जागा झालो. बाबांचे पाय माझ्या पाठीवर आधीच टेकलेले होते.

‘आज हा थंडगार आहे,’ बाबा म्हणाले.

‘बाबा, मी लोकरीचे मोजे आणलेत. थांबा, घालते.’

‘घाल. पण थंड आहे ते चांगलंय गं. थंड आहे म्हणजे गाडी निघणार.’

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. सणासुदीला आम्हाला खुशाल जागवा, पण मिरवणूक संपल्यावर झोपवायला विसरू नका. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही फक्त तापतो. अधूनमधून हात लावून बघत जा. आणि घरातले म्हातारे माणूस ‘इथं ऊब लागते’ असे काही सहज म्हणाले, तर ‘असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

भित्रेपणा माझा अजून गेलेला नाही. किल्ली फिरली की जाग येते, आणि आज वार कोणता हे मला ठाऊक नसते. म्हणून गाणे सुरू होण्याआधी मी क्षणभर पाठीवर लक्ष ठेवतो. दोन मोजे घातलेले पाय टेकलेले असले, म्हणजे मग गातो.