तीन माळांवरचं घर

“इंदू, घर बघायला रविवारी कधी जाऊ नकोस. रविवारी सगळीच घरं चांगली दिसतात. माणूस कामाला निघतो त्या वेळेला जा, आणि पायी जा.”

सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली, तरी हा आवाज इंदुमतीच्या कानात अजून तसाच खणखणीत होता. त्या बोलायला लागल्या की जुनी इंदूरच्या गल्लीत तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायचं. इंदुमतीचं उलट. शेजारच्या पाटावर बसलेल्यालाही कान देऊन ऐकावं लागे.

फाल्गुनात तिच्या यजमानांचं, दिवाकररावांचं, अंतर्गळाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सायकल कायमची बंद केली. दप्तर रेसिडेन्सीच्या बाजूला, घर जुनी इंदुरात. रोजचा टांगा परवडेना आणि पायी गेले की संध्याकाळी पोटाला हात धरून ओसरीवर बसत. घर बदलावं, तर घरात थोरल्या जाऊबाई. अरुंधतीवहिनींची नजर दोन वर्षांत पार मंदावली होती. त्यांच्यामागे दुसरं कुणी नव्हतं. यजमान दप्तरात धड पोचावेत आणि वहिनी एकट्या पडू नयेत, या दोन गोष्टी काही केल्या एका घरात मावेनात.

त्यातून घाई. मध्य भारत राज्याची राजधानी एरवी ग्वाल्हेरला असायची आणि उन्हाळ्यापुरती इंदूरला यायची. ग्वाल्हेरची दप्तरं उतरली की भाडी चढत.

“दिवाकरजी, पलासियाचं मकान म्हणजे हवा बघा, विहीर बघा!” घरांची दलाली करणारा गजानन ओसरीवर बसून सांगत होता. “भाडं कम, आणि दप्तर तो समझो दस मिनिट. शुक्रवारपर्यंत हो म्हणा. मग ग्वाल्हेरवाले आले की मला बोल लावू नका, भिया.”

दिवाकररावांनी ते घर पाहिलं होतं. रविवारी, गजाननच्या टांग्यातून.

“मी एकदा बघून येते,” इंदुमती म्हणाली.

“अगं, मी पाहिलंय ना!”

“हो. मी बुधवारी बघते.”

तिच्याजवळ घड्याळ नव्हतं. पण अकरा माळा जप झाल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही हा नेम लग्नाआधीपासूनचा, आणि तिची माळ संथ, एका लयीत चाले. बुधवारी तिने गोमुखीत हात घातला आणि पलासियाच्या त्या घराच्या पायरीवरून पहिला मणी ओढला. बसून केलेला जप आणि चालताना केलेला जप यांत देवाने भेद केल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं. दप्तराच्या फाटकाशी पोचली तेव्हा सहा माळा झाल्या होत्या, वाटेत झाड एकही नव्हतं आणि पदर घामाने मानेला चिकटला होता. गजाननची दहा मिनिटं म्हणजे घोड्याची दहा मिनिटं.

गुरुवारी ती स्वतःच्या घरापासून निघाली. दप्तरापर्यंत आठ माळा. मग फाटकापासून उलट वळून छावणीच्या वस्तीकडे आली. तिथे एका धान्यवाल्याच्या माडीवर दोन खोल्या रिकाम्या असल्याचं दूधवाल्याने सांगितलं होतं. खाली दिवसभर पोत्यांची आदळआपट, भाडं पलासियापेक्षा नऊ रुपये जास्त. पण अंतर तीन माळा, आणि तेही दुकानांच्या सावलीतून.

आता छावणी ते जुनी इंदूर मोजायचं राहिलं होतं. मोटार स्टँडाशी ती थांबली, तेवढ्यात सांवेरची मोटार आली. तिच्यातून एक तरुण बाई उतरली, केसांपासून चपलांपर्यंत धुळीने माखलेली.

“मावशी, वाजले किती हो?” विचारून तिनेच आकाशाकडे पाहिलं. “जाऊ दे. बारा वाजलेच माझे!”

तिचं नाव यशोधरा. जुनी इंदुरातल्या मुलींच्या शाळेत दुपारच्या वर्गांना शिकवायची आणि मामाकडे, सांवेरला राहायची.

“इथे खोली नाही का मिळत?”

“मिळते की! पण एकट्या बाईला खोली देताना लोक जेवढे प्रश्न विचारतात, तेवढे मी परीक्षेतसुद्धा काढत नाही.”

इंदुमतीला हसू आलं. दोघी बरोबर चालल्या. यशोधरा बोलत राहिली आणि इंदुमती मणी ओढत ऐकत राहिली. शाळेच्या दारात चौथी माळ पुरी झाली. शाळा आणि घर यांत एक गल्लीच होती.

संध्याकाळी तिने माळांचा सगळा हिशेब सांगितला. दिवाकररावांनी बोटांवर माळा मोजून पाहिल्या.

“म्हणजे छावणी. ठीक. पण वहिनींना घेऊनच जायचं. त्यांना इथे टाकून मी जाणार नाही.”

“मी काय ट्रंक आहे, भाऊजी?” अरुंधतीवहिनी आतून भिंतीला हात न लावता सरळ चालत आल्या आणि नेमक्या आपल्या पाटावर बसल्या. “इथे मला विहिरीची पायरी कुठे तुटलीय ते पायाला ठाऊक आहे. छावणीच्या माडीवर नेलंत, तर जिन्यात पडून चार दिवसांत मोकळी होईन. मग या मला टाकायला!”

“वहिनी!”

“खोटं बोलतेय का? इंदू, तू सांग.”

इंदुमतीने हाताला लागलेलं वातीचं तूप पुसलं. “वहिनी बरोबर बोलताहेत. त्या इथेच राहतील. आपली पुढची खोली त्या मास्तरीणबाईंना द्यायची. सात रुपये देईन म्हणाल्या. छावणीचं जास्तीचं भाडं जवळजवळ तिथेच भागतं आणि रात्री घरात माणूस असतं. स्वयंपाक दोघींचा एक.”

“तू तिला कबूलसुद्धा करून आलीस?”

“नाही. वहिनींचं घर आहे. त्यांना विचारल्याशिवाय कसं करीन?”

“बडबडी आहे का गं ती?” वहिनींनी विचारलं.

“फार.”

“मग दे.” आता वहिनींचा आवाज उतरला होता. “पण ती दुपारी शाळेत. सकाळची मुलींची वह्यापुस्तकं. इंदू, मला पेपर कोण वाचून दाखवेल?”

दिवाकरराव चकितच झाले. “पेपर? मला वाटायचं, तुम्ही दोघी सकाळी पोथी वाचता.”

“पोथी मला पाठ आहे. ग्वाल्हेरवाले आणि इंदूरवाले राजधानीवरून कसे भांडतात, ते पोथीत येत नाही. ही मात्र खुनाची बातमीसुद्धा आरती म्हटल्यासारखी वाचते.”

“मी येईन,” इंदुमती म्हणाली. “रोज. हे दप्तरात गेले की निघेन.”

“रोज म्हणू नकोस बाई. पाऊसपाणी असतं, दुखणीखुपणी असतात.”

“रोज,” ती तितक्याच हळू म्हणाली. अकरा माळांच्या जोडीला बायकोने ही बारावी घेतली, हे दिवाकररावांना कळलं.

शुक्रवारी गजानन आला तो चहा पिऊन, दलालीविना गेला.

अक्षय्य तृतीयेला बैलगाडीतून सामान छावणीत आलं. दुसऱ्या दिवशी माडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. भांड्यांची पोती तोंड बांधलेलीच, गाद्या गुंडाळलेल्या, देव तेवढे कोनाड्यात बसलेले. खाली हमाल गहू ओतत होते आणि धूळ जिन्याने वर येत होती. पावणेदहाला दिवाकररावांनी टोपी चढवली.

“आजचा दिवस राहू दे हं,” ते म्हणाले. “हे सगळं लावायचंय. वहिनी समजून घेतील.”

“घेतील,” इंदुमती म्हणाली.

ते जिना उतरून गेले. दुकानांच्या सावलीसावलीने, पोटाला हात न लावता चाललेली त्यांची पाठ तिने वळणापर्यंत पाहिली. एवढ्यात धान्यवाल्याची बायको हळदीकुंकवाचं ताट घेऊन वर आली.

“बैठो ना बहनजी, इत्ता काम पड़ा है। मैं हाथ बँटा दूँ?”

इंदुमतीने तिला कुंकू लावलं, लावून घेतलं, हातावर साखर ठेवली. “एक बजे आती हूँ, फिर मिलके करेंगे,” ती म्हणाली. तिच्या हिंदीतही आवाज तसाच, कान देऊन ऐकावा लागणारा.

तिने देवापुढचा दिवा सारखा केला, पातेल्यातल्या भातावर झाकण ठेवलं आणि पोत्यांमधून वाट काढत दाराला कडी घातली. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपर घेतला. पहिल्या पानावर राजधानीचंच काहीतरी होतं. ते वाचायचा मोह आवरून तिने पेपराची घडी काखेत धरली, गोमुखीत हात घातला आणि मोटार स्टँडाच्या रस्त्याला लागली.