वारा सांगणारा पायजमा

घड्याळजींच्या दुकानात, खिडकीजवळच्या फळीवर, टोले देणाऱ्या दोन घड्याळांच्या मध्ये वीतभर जागा सहा वर्षं रिकामी होती. ती तिरंदाजी क्लबच्या चषकासाठी राखलेली होती. चषक मात्र दरवर्षी मेहुण्याच्या घरी जायचा. बायकोचा हा धाकटा भाऊ बेकरीवाला. दंडात बळ आणि डोक्याला ताप नाही. जिंकला की तो भाऊजींना कडकडून मिठी मारायचा आणि त्यांच्या शर्टाला पीठ लावायचा. हरण्यापेक्षा ते पीठच घड्याळजींच्या जिवाला जास्त लागायचं.

मैदान त्यांच्या घरामागेच होतं आणि तिथला वारा महाबिलंदर. शाळा आणि गोदाम यांच्यामधल्या फटीतून तो उजवीकडून यायचा, अर्ध्या वाटेत बाणाला धक्का द्यायचा आणि नामानिराळा व्हायचा. क्लबने निशाणावर एक छोटा झेंडा लावला होता, पण तो भिंतीच्या आडोशाला. वादळ आलं तरी मान खाली घालून गप्प. नवशिके त्याच्यावर विश्वास ठेवायचे आणि उरलेली सकाळ गवतात बाण शोधायचे.

खरा वारा कुठे दिसतो हे घड्याळजींना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याच गच्चीवर. रविवारी सकाळी बायको तिथे कपडे वाळत घालायची आणि मग शेजारी स्टुलावर बसून खेळ बघायची. दोरीच्या टोकाला त्यांचा निळ्या पट्ट्यांचा पायजमा असायचा. त्याचा एक पाय हलला की नेम एक वर्तुळ उजवीकडे. दोन्ही हलले की दोन वर्तुळं. पायजमा आडवा झाला की धनुष्य खाली आणि मुकाट उभं राहायचं. हा सगळा तक्ता त्यांनी वहीत बारीक अक्षरात लिहून ठेवला होता आणि वही कुलपात. बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. ती भावाजवळ बोलून गेली असती तर?

सातव्या वर्षी पुन्हा शेवटच्या फेरीत तेच दोघे उरले. प्रत्येकी तीन बाण. घड्याळजी रेषेवर आले, धनुष्याला बाण लावला आणि सवयीने मान वर केली.

गच्चीवरची दोरी रिकामी होती. पायजमा नाही, टॉवेल नाही, साधा मोजाही नाही. होती ती फक्त बायको. ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बांधून, फोटो काढायला उभं राहावं तशी ताठ. तिचा एक केससुद्धा हलत नव्हता. घड्याळजी बघत राहिले. दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून झालं, मग परत उलट बघून झालं. शेवटी पंच खाकरले.

पहिल्या बाणाला चार गुण मिळाले, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला पुन्हा तीन. आश्चर्य म्हणजे मेहुण्याचीही पार दाणादाण उडाली. चार, चार, तीन. क्लबच्या इतिहासात इतक्या कमी गुणांवर कोणी जिंकलं नव्हतं. पंचांनी निकाल सांगताना आवाज जरा खालीच ठेवला.

घड्याळजींना आता सगळा डाव कळला. भावासाठी नवऱ्याचा पायजमा उतरवला! अंगाचा तिळपापड झाला. दोन-दोन पायऱ्या चढत ते गच्चीवर पोचले. “घरभेदी” हा शब्द ओठांवर तयार होता.

“दिसले ना नीट?” बायकोनेच आधी विचारलं.

“काय?”

“अहो, कपड्यांच्या गर्दीत मी झाकली जाते. तुम्ही बिचारे दर बाणाआधी मान वर करून मला शोधत असता. इतकी वर्षं बघतेय ना मी! म्हटलं, आज शेवटची फेरी, कपडे उद्या धुऊ.” तिचा चेहरा नुसता फुलला होता. “आणि आज किती वेळ बघितलंत! पंच खाकरले तरी नजर हलेना. मलाच मेलं लाजल्यासारखं झालं.”

घड्याळजींनी तो शब्द गिळला. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की चषकाचं दुःख क्षणभर विसरायलाच झालं.

“दिसलीस,” ते म्हणाले. “अगदी नीट दिसलीस.”

प्रकरण इथेच मिटायचं. पण तेवढ्यात चषक काखोटीला मारून मेहुणा वर आला.

“ताई, पायजमा कुठे गेला गं? आम्हा दोघांना आंधळं केलंस! भाऊजी त्याच्यावर टक लावून वारा बघतात, त्यांचं बघूनच तर मी शिकलो. सहा वर्षं त्या पायजम्यावर जिंकतोय मी!”

बायकोने रिकाम्या दोरीकडे पाहिलं.

“पायजम्यावर,” बायको म्हणाली आणि खाली निघून गेली.

त्या आठवड्यात घरात बोलणं झालं ते कामापुरतं. घड्याळजींनी तीनदा “तसं नाही गं” म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, “मला काय विचारता? पायजम्याला विचारा.” दुकानात त्यांनी एका गिऱ्हाईकाच्या घड्याळाचे काटे उलटे बसवले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

रविवारी सरावाला ते मैदानावर आले आणि त्यांनी भीत भीत वर पाहिलं. दोरीवर एकटा पायजमा होता. बरोबर मधोमध, इस्त्री करून टांगलेला. त्याचा एक पाय हलत होता. म्हणजे एक वर्तुळ उजवीकडे. इतका सरळ वारा वर्षातून एकदा मिळतो.

स्टूल मात्र रिकामं होतं.

घड्याळजींनी धनुष्य ओढलं. डोळे पायजम्यावरून स्टुलावर गेले. बाजारात गेली असेल का? की बॅग भरत असेल? बाण सुटला. त्यांनी दुसरा लावला, पुन्हा वर पाहिलं. स्टूल तसंच रिकामं. नजर तिथेच राहिली आणि तोही बाण सुटला.

निशाणाजवळ उभ्या असलेल्या मेहुण्याने बाण पाहिले, तोंडाशी हात धरले आणि भाऊजींकडे न बघता तो थेट गच्चीकडे ओरडला, “ताई! पहिल्याला दोन गुण! दुसरा गवतात!”

पाण्याच्या टाकीमागून बायको बाहेर आली. कपड्यांवरची धूळ झटकत तिने स्टूल ओढलं आणि पायजम्याच्या शेजारी ऐसपैस बसली.

“मग ठीक आहे,” ती वरून ओरडली. “मारा आता!”