उरलंसुरलं धाकटीला

मृत्युपत्र करायला म्हातारा एकटा आला, तर ते त्याचं मृत्युपत्र. त्याला दंडाला धरून मुलगा घेऊन आला, तर मृत्युपत्र मुलाचं. त्यात मरायचं तेवढं काम बापाचं. बावीस वर्षं मी वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंग करते आहे, आणि हा माझा नियम एकदाच चुकला.

त्या दिवशी जो म्हातारा आला, तो बाइंडर होता. जुनी पुस्तकं शिवून, पुठ्ठे चढवून त्याने जन्म काढला होता. बोटांच्या पेरांवर वाळलेली खळ, अंगठ्याला दाभणाने पडलेला घट्टा. त्याला धरून आणलं होतं थोरल्या मुलाने. हा कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि ते त्याने खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं. मागोमाग त्याची बायको. तिने आमच्या खुर्चीवर रुमाल अंथरला आणि मग बसली. खुर्ची मी सकाळीच पुसली होती, पण ते असो.

मिळकत म्हणजे एकच घर. खाली बाइंडिंगचं दुकान, वर दोन खोल्या. तिथे म्हातारा राहायचा आणि त्याच्याबरोबर त्याची धाकटी मुलगी. अठरा वर्षं तीच दुकान सांभाळत होती. बापाचे हात थरथरायला लागल्यापासून शिवणही तीच घालायची. तिला मात्र त्या दिवशी आणलं नव्हतं. थोरल्याला घर विकायचं होतं, गिऱ्हाईकसुद्धा तयार होतं. बाप समोर बसलेला असताना त्याने हे वकीलसाहेबांना सांगितलं. बहिणीचं काय, असं साहेबांनी विचारलं, तर म्हणाला, तिला काय, एकटा जीव, कुठेही खोली घेऊन राहील.

साहेबांनी रीतीप्रमाणे म्हाताऱ्याला त्याची इच्छा विचारली. उत्तर थोरल्याने दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. या खेपेला सूनबाईंनी दिलं. तिसऱ्यांदा विचारायचा साहेबांना कंटाळा आला. त्यांची जेवायची वेळ जवळ येत होती आणि त्या वेळेपुढे त्यांना कायदा फिका वाटतो.

तेवढ्यात म्हातारा उठला, कपाटापाशी गेला आणि वारसा कायद्याचं जाडजूड पुस्तक काढून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवू लागला.

"हे माझं काम आहे," तो म्हणाला. "बारा वर्षं झाली. अजून एक टाका सुटलेला नाही."

"ठेवा ते, बाबा," थोरला म्हणाला. "तुम्ही नुसतं शिवलंत. वाचायला वकील आहेत."

म्हाताऱ्याने पुस्तक निमूट जागेवर ठेवलं. खरं सांगते, मला त्याचा संताप आला. थोरल्यासारखी माणसं मी रोज बघते, त्यांचं काही वाटत नाही. पण मुलीच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेतलं जातंय आणि बाप पुस्तकांच्या पाठी कुरवाळतोय. ताटाखालचं मांजर, मी मनात म्हटलं, आणि टाइप करायला लागले. घर थोरल्या मुलाला.

शेवटी म्हाताऱ्याने एवढंच मागितलं, की उरलंसुरलं धाकटीला लिहा. थोरला हसला. उरणार होतं काय? खळीची भांडी, चिंध्या आणि दोऱ्याची रिळं. लिहा की, तो म्हणाला, आणि आपण केवढे उदार, अशा चेहऱ्याने बायकोकडे बघितलं. साहेबांनी नेहमीचं वाक्य सांगितलं: वरीलपैकी जे कोणत्याही कारणाने वाटलं जाणार नाही ते, आणि बाकी सर्व मिळकत, मुलीला. म्हाताऱ्याने ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. कानाने कमी ऐकू येत असेल, असं मला वाटलं.

मग सह्यांचा प्रश्न आला. आमच्याकडे साक्षीदार म्हणून मी आणि कारकून सही करतो. थोरल्याने आम्हा दोघांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बाहेरच्या माणसांना घरातलं कळायला नको," तो म्हणाला.

जो कागद मी अक्षर न् अक्षर टाइप केला होता, तो मला कळायला नको होता. अशा माणसाच्या अकलेचं लोणचं घालावं तरी बरणी वाया जायची. म्हातारा लगेच म्हणाला, माझा हात आज चालत नाही, उद्या घरीच करू सह्या. साहेबांना तर तेच हवं होतं. कागद पाकिटात घाला, सूचना सोबत द्या, ते मला म्हणाले आणि डब्याकडे वळले.

सूचनांचा तो कागद मी स्वतः तयार केलेला आहे. साध्या भाषेत, मोठ्या अक्षरात. सही दोन साक्षीदारांसमोर करावी, साक्षीदारांनीही तिथेच करावी. आणि लाल रेघ मारलेलं वाक्य: ज्याला मिळकत मिळणार आहे त्याने, किंवा त्याच्या नवऱ्याने, बायकोने साक्षीदार म्हणून सही करू नये, केल्यास त्याला दिलेलं रद्द होतं. हा कागद मी शेकडो लोकांना दिला असेन. लोक त्यावर फोन नंबर लिहितात, चष्मा पुसतात. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून मी तो मिळाल्याची सही वहीत घेते. थोरल्याने फर्रकन सही केली आणि कागद बापाच्या हातात कोंबला.

"हे तुम्हीच वाचा, बाबा. तुम्हाला वेळच वेळ आहे."

दोन दिवसांनी बंद पाकीट आमच्या तिजोरीत आलं. सात महिन्यांनी म्हातारा गेला.

पाकीट उघडायला तिघं आली. थोरला, सूनबाई, आणि या वेळी धाकटी. तिला मी पहिल्यांदाच बघत होते. पेरांवर तीच खळ. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली, कारण खुर्च्या भरल्या होत्या. एकीवर थोरला, दुसरीवर सूनबाई आणि तिसरीवर त्यांची पर्स. थोरल्याने येतानाच बहिणीला सांगून ठेवलं असावं, महिन्याअखेर घर रिकामं कर म्हणून. कारण तिने आत आल्या आल्या मला हळूच विचारलं, दुकानातला दाबयंत्राचा सांगाडा भिंतीत बसवलेला आहे, तो उरल्यासुरल्यात धरतात का? मी म्हटलं, बघू.

साहेबांनी मृत्युपत्र वाचलं. घर थोरल्याला, हे आलं तेव्हा सूनबाईंनी मान डोलावली. शेवटचं पान उलटलं आणि साहेब थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. साक्षीदार पहिला, सूनबाईंचा भाऊ. साक्षीदार दुसरी, खुद्द सूनबाई. सही कसली, नक्षीकामच, खाली दोन ठिपके आणि एक फराटा.

"ही सही तुमची?" साहेबांनी विचारलं.

"माझीच," सूनबाई म्हणाल्या. "घरचं दुसरं कोणी साक्षीला नव्हतं, म्हणून हे नाइलाजाने शेजाऱ्यांना बोलवत होते. पण बाबाच म्हणाले, बाहेरचं माणूस कशाला, आपल्या सुनेचं अक्षर सगळ्यात वळणदार, तिनेच करू दे. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक केलं त्यांनी."

मी टायपिंग थांबवलं.

साहेबांनी मग समजावून सांगितलं. मृत्युपत्र पक्कं आहे. पण बायकोने साक्ष घातली, म्हणून नवऱ्याला दिलेलं घर रद्द. आणि जे कोणत्याही कारणाने वाटलं गेलं नाही, ते धाकटीचं. थोरल्याने पहिल्यांदा बायकोकडे बघितलं, मग छताकडे, मग माझ्याकडे. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण रिकाम्या बैलाचा चेहरा कसा दिसतो ते मी तेव्हा बघितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

तो आवाज चढवून म्हणाला, की हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, मी ऑफिसावर दावा लावीन. मी वही काढली, पान उघडलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. सूचनांचा कागद मिळाला. तारीख. खाली त्याची फर्रकन केलेली सही.

"हो, पण तो मी वाचला कुठे," तो म्हणाला. "तो मी बाबांना..."

सूनबाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली, आणि एक खुर्ची मोकळी झाली.

दोघं निघून गेली. साहेब म्हणाले, कोर्टात जायचं तर जाऊ दे, हात हलवत परत येईल. धाकटी अजून स्टुलावरच होती. तिला बहुतेक नीट उमजलंच नव्हतं. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि पुन्हा एकदा सावकाश सांगितलं, घर तुझं आहे, दुकानासकट. ती रडली. मग तिची नजर कपाटातल्या त्या जाड पुस्तकावर गेली.

"हे आमच्याकडचं," ती म्हणाली.

"तुझे बाबा पुस्तकं वाचायचे?" मी विचारलं.

"शिवायच्या आधी सगळी. पान मागेपुढे लागलं तर नुसतं बघून कळत नाही म्हणायचे, वाचावं लागतं. या पुस्तकाला तर दोन महिने लावले होते. दादा चिडायचा, त्यांना काय कळतंय त्यातलं म्हणून."

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. बावीस वर्षांत माझा तो कागद शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस निघाला, आणि त्यालाच मी ताटाखालचं मांजर म्हटलं होतं. बरं, मोठ्याने नव्हतं म्हटलं, एवढंच काय ते समाधान.

धाकटीने डोळे पुसले. उठली आणि म्हणाली, शाळेची चाळीस पुस्तकं दाबाखाली आहेत, खळ वाळली असेल, आता काढायला हवीत, दुकान उघडायला जाते.