सायोच्या भीतीची पाने

मी एक जुनी चित्रपुस्तिका आहे. मित्रांनो, मला हातात घेण्याआधी एक ऐका. मी भित्री आहे. इतर पुस्तकांच्या पोटात राजे असतात, हत्ती असतात, लाडू असतात. माझ्या पोटात भीतीच आहे, कारण मला त्यासाठीच बनवले.

मला बनवणाऱ्या बाईचे नाव तोमे. सगळी मुले तिला तोमेकाकू म्हणत. ती जपानातून, किशूच्या किनाऱ्यावरून, नवरी म्हणून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या थर्सडे बेटावर आली होती. नवरा लवकर गेला. मग ती लॉन्ड्री चालवी आणि उरलेल्या वेळात बेटावरच्या, समुद्रात बुडी मारून मोती काढणाऱ्या पाणबुड्यांच्या मुलांसाठी चित्रांची पुस्तके रंगवी. माझ्या त्या थोरल्या बहिणींमध्ये कासवे होती, मोत्यांच्या होड्या होत्या, आंबे चोरणारी वटवाघळे होती. मग जपानशी लढाई सुरू झाली आणि बेटावरच्या प्रत्येक जपानी माणसाला सैनिकांनी पकडले. घरे रिकामी करताना माझ्या बहिणी अंगणात फेकल्या गेल्या. पावसाने त्यांचा लगदा झाला. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण तोमेकाकूने ते इतक्यांदा सांगितले आहे, की कौलावर थेंब वाजला तरी माझी शिवण आक्रसते.

माझा जन्म दूर दक्षिणेला, व्हिक्टोरियातल्या एका उघड्या माळावर, काटेरी तारांच्या छावणीत झाला. माझी पाने म्हणजे जॅमच्या डब्यांवरचे कागद, उलट बाजूने. पुठ्ठा बिस्किटांच्या खोक्याचा. वरचे लालभडक कापड छावणीत सगळ्यांना वाटलेल्या कोटाचे. खळ भाताची. लाल रंग बीटचा, तपकिरी चहाचा, आणि निळा? कपड्यांना घालायची नीळ! लॉन्ड्रीवाल्या बाईने दुसरे काही आणले नसले तरी निळीची पुडी कमरेला बांधून आणली होती.

आणि कुंचला सायोच्या केसांचा.

सायो सहा वर्षांची होती. तिच्या पाणबुड्या बाबाला, होडीवरून उतरताच, धक्क्यावरूनच ट्रकमध्ये चढवून पुरुषांच्या वेगळ्या छावणीत नेले. सायो पाहत उभी होती. त्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. फळ्यांवर बूट वाजले की खाटेखाली शिरायची. तिची आई कियोनो तिला पायाला धरून ओढून काढी आणि मग स्वतःच रडत बसे.

"ओढू नकोस ग तिला," तोमेकाकू म्हणाली. "ओढल्यावर गोगलगाय तरी बाहेर येते का?"

"मग काय करू, काकू? चार माणसांत मला लाज वाटते. मुकी झाली म्हणतात पोर."

"मुकी नाही ती. बेत चाललाय तिचा आत." असे म्हणून तोमेकाकू, साठी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरवत जमिनीवर आडवी झाली आणि स्वतःच खाटेखाली सरकली. "अगं बाई, इथून तर सगळं वेगळंच दिसतं. सायो, तुला इथून काय दिसतं ते मला दाखव. बोलू नकोस. नुसतं बोट कर."

सायोने बोट केले. तोमेकाकूने काढले. असे माझे पहिले पान झाले: दोन काळे बूट, पानभर मोठे, गुडघ्याच्या वर काहीच नाही. दुसऱ्या पानावर फिरणारा पांढरा दिवा. मग तार, आणि तारेत अडकलेली चिंधी. मग पहाऱ्याचा मनोरा. मग फाटक. मग धुळीत जाणारा ट्रक, मागून. प्रत्येक चित्र झाल्यावर तोमेकाकू विचारी, "एवढं मोठं होतं का?" सायो मान हलवी. आणखी मोठं. मग तोमेकाकू आणखी मोठे करी.

मित्रांनो, भीती कागदावर उतरली की मुलाच्या मनातून जाते, असे मोठी माणसे सांगतात. मला ठाऊक नाही. सायो खाटेखाली जायची ती मला घेऊन जायला लागली, एवढेच मी पाहिले. पण तिची भीती कुठेतरी तर जाणार ना? ती माझ्यात साठू लागली.

एके सकाळी भाजीच्या वाफ्यावरून एक फावडे नाहीसे झाले. कोणी पळायला भुयार खणत असेल, या संशयाने लगेच हुकूम सुटला की प्रत्येक खोलीची झडती होणार.

कियोनोने मला पाहिले आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "काकू, यात मनोरा आहे. फाटक आहे. हे म्हणतील, आम्ही छावणीचा नकाशा काढला. जाळा ते! आत्ताच्या आत्ता शेगडीत घाला!"

"मी आणि हेर?" तोमेकाकू हसली, पण मला तिने छातीशी आवळून धरले होते. "माझ्या हेरगिरीत कुणाच्या विजारीला कसला डाग, एवढंच सापडेल."

"हसू नका! तुम्हाला नेलं तर या पोरीचं काय? मला नेलं तर?"

शेगडीचे दार उघडे होते. आतला निखारा मला दिसत होता. तोमेकाकूने मला त्या दाराशी नेले. माझा कोपरा तापला. आजही तो थोडा काळा आहे, पाहा. तेवढ्यात सायोने मला ओढून घेतले आणि ती खाटेखाली गडप झाली. त्याच क्षणी फळ्यांवर बूट वाजले.

आत आला तो उंच सार्जंट. मुले त्याला बगळा म्हणत. त्याने गाद्या उलटल्या, तांदळाच्या डब्यात हात घातला, मग खाट एका हाताने उचलली. खाली सायो, आणि सायोच्या पोटाशी मी.

त्याने मला घेतले. त्याची बोटे थंड होती. त्याने पान उलटले, आणखी एक उलटले. मनोऱ्याशी थांबला. फाटकाशी थांबला.

"हे कोणी काढलं?"

"मी," तोमेकाकू म्हणाली.

"नाही, मी," कियोनो म्हणाली. माझ्या लाल पुठ्ठ्याला त्या क्षणी ती बाई किती शूर वाटली, काय सांगू! थोड्या वेळापूर्वी तीच मला जाळायला निघाली होती.

बगळा पुन्हा पहिल्या पानावर आला. "आणि हे बूट कोणाचे?"

"तुमचे," सायो म्हणाली.

कियोनोने तोंडावर हात दाबला. किती महिन्यांनी ती पोर बोलली होती, आणि बोलली ती कोणाशी!

"माझे?" बगळ्याने खाली पाहिले. "मग मी कुठे आहे? डोकं नाही मला?"

"तिथून दिसत नाही."

मग माझ्यातली दोन पाने त्याने फाडली, मनोरा आणि फाटक. मित्रांनो, फाटण्याचा आवाज बाहेरच्यांना बारीक वाटतो. आतून तो तसा नसतो. "ही ठेवता येणार नाहीत," तो तोमेकाकूला म्हणाला. "इथलं बांधकाम पुन्हा काढू नका. दुसरं काहीही काढा." त्याने पाने खिशात घातली आणि मला सायोच्या हातात दिले.

फावडे दुपारी बटाट्यांच्या ढिगाखाली सापडले.

त्यानंतर बगळा खोलीत येताना आधी दारात वाकून चेहरा दाखवी आणि मग पाऊल टाकी. बाकीचे पहारेकरी पूर्वीसारखेच आपटत येत. सायो त्यांना भीतच राहिली, पण आता "बूट आले" असे ओरडून सांगू लागली.

लढाई संपली. आम्हाला मोठ्या बोटीत घालून जपानला पाठवायचे ठरले. सायोने जपान कधी पाहिलाच नव्हता. धक्क्यावर दुसऱ्या छावणीतली माणसे आली. त्यांतला एक वाळलेला, पांढऱ्या केसांचा माणूस कियोनोसमोर थांबला. "एवढी वाढली?" तो म्हणाला. सायो तोमेकाकूच्या मागे लपली.

बोटीवरही ती त्याच्याजवळ जाईना. कियोनो रागवायला लागली. तोमेकाकूने तिला थोपवले आणि सायोच्या कानात काहीतरी सांगितले. मग सायो हळूहळू पुढे गेली आणि मला त्या माणसासमोर ठेवून मागे पळाली. वारा होता. समुद्राचे तुषार उडत होते. मी गर्भगळीत झाले होते.

तो मला कोटाच्या आडोशाला धरून वाचू लागला. बूट. दिवा. तार. ट्रकच्या पानावर त्याचा अंगठा थांबला.

"या ट्रकच्या आत बसून मी एकच विचार करत होतो," तो म्हणाला. कोणाकडे न पाहता. "म्हटलं, ही पोर मला विसरणार. खोल पाण्यात कधी भ्यालो नाही. त्याला भ्यालो."

"विसरलेच," सायो लांबून म्हणाली.

कियोनो ओरडणार होती, पण तो हसला. डोळे पुसत हसला. "मग माझीही भीती यात काढा की, काकू. एक पान कोरं आहे."

"मी नाही काढणार," तोमेकाकू म्हणाली. बोटीच्या स्वयंपाक्याकडून तिने कोळशाचा तुकडा मागून आणला आणि सायोच्या हातात दिला. "हिला काढू दे. बघितल्याशिवाय काढता येत नाही."

सायो त्याच्यासमोर बसली. आधी तिने चोरून पाहिले, मग नीट. एक रेघ. पुन्हा पाहिले. हनुवटी झाली, नाक झाले.

"माझे कान असे आहेत? सुपाएवढे?" तो वाकून पाहू लागला.

"बाबा, हलू नका!"

तो हलला नाही. बोट इतकी डोलत होती, तरी तो हलला नाही.

सायो आता म्हातारी आहे. तोमेकाकू गेली, कियोनो गेली, बाबा गेले. मी किशूच्या किनाऱ्यावर सायोच्या घरी राहते. गल्लीतली मुले येऊन मला उघडतात. कसर, ओल, जॅमची बोटे, सगळ्यांना मी भिते. तुमच्या घरी कोणी खाटेखाली लपले असेल, तर त्याला ओढू नका, एवढे माझ्यासाठी करा. खाली वाका आणि तिथून काय दिसते ते विचारा.

आणि मला वाचताना शेवटच्या पानावर बोट फिरवू नका. ते कोळशाचे आहे, पुसले जाईल. पुन्हा काढायला आता समोर बसणारे कोणी नाही.