समतावादी वाचनालयाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. शहरातल्या गुलमंडी बाजारातल्या पुंडलिक पेंटरनं मला निळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘समतावादी वाचनालय’. देवगाव रंगारीच्या पलीकडच्या एका लहान गावात, बौद्ध वस्तीच्या तोंडाशी रत्नमालाताई राहतात. त्यांनी आपल्या पडवीत पुस्तकं मांडली आणि मला दारावर लावलं.

एकदा गावातल्या म्हाताऱ्या धनगरीण दगडाबाई मेंढरं घेऊन जाताना माझ्याकडं बघत थांबल्या. “काय लिवलंय गं हे?”

ताई म्हणाल्या, “मावशी, सम म्हंजी सारखं. त्याच्यापासून समता. अन् वाद आला वद्पासून, वद् म्हंजी बोलणं. सगळी माणसं सारखी, असं मानतो अन् तसं बोलतो, तो समतावादी.”

“मानणारे लई असतीन. बोलतंय कोन?” दगडाबाई हसल्या. मला मात्र तेव्हा फार अभिमान वाटला होता.

यंदा उन्हाळ्यात विहिरी आटल्या. माझ्यासमोर टँकर उभा राहू लागला. काहीजणांनी ठरवलं, आधी गावाचं पाणी, उरलं तर वस्तीचं. उरायचं काहीच नाही. ताईंची लहानगी सुकेशनी तापानं फणफणली होती. ताई कळशी घेऊन पुढं गेल्या, तर त्यांना मागं ढकललं. रांगेतली माणसं खाली बघत राहिली.

दगडाबाईंनी आपला भरलेला हंडा उचलला आणि ताईंच्या कळशीत रिता केला.

“पोर मरायला टेकली, अन् तुमची रांग व्हय रे?” त्या ओरडल्या. “ती मानूस नाय का?”

सुकेशनी वाचली. पण दुसऱ्या दिवसापासून दगडाबाईंच्या मेंढरांना कुणी रानात पाय ठेवू देईना. उपाशी मेंढरं ओरडत राहिली. अखेर म्हातारीनं बिऱ्हाड घोड्यावर लादलं आणि गाव सोडलं. तिला थांब म्हणायला एकट्या रत्नमालाताई धावल्या.

त्याच आठवड्यात कुणीतरी मला उपटून गटारीवर पालथं टाकलं. आता माझ्यावरून सायकली जातात, बैल जातात. ताई मला शोधत फिरतात. कालच त्या माझ्या पाठीवर पाय देऊन पुढं गेल्या. मी हाक कशी मारणार?

मित्रांनो, खाली चिखलात माझा रंग सुटतो आहे. ‘समता’मधला ‘स’ निघून गेला. बाकीची अक्षरं आहेत, तोवर कुणीतरी वाका. मला सुलटी करा.